बेडूक प्रधानाचं लग्न

बसस्थानकावर तिला सगळे सूचनाबाई म्हणत. काचेच्या एवढ्याशा खोलीत बसून, माइकला तोंड लावून, कोणती बस कुठल्या फलाटावर लागली आहे ते ती सांगत असे. आवाज इतका स्वच्छ, की दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धापा टाकत आलेल्या माणसालाही एकदा ऐकून कळावं. मग स्थानकात यंत्र आलं. त्यात कुठल्याशा गोड गळ्याच्या मुलीचा आवाज भरलेला होता आणि तो न खोकता, न चहाला उठता दिवसभर बोलत राही. सूचनाबाईची बदली झाली हरवलेल्या सामानाच्या खोलीत. तिथे छत्र्या होत्या, डबे होते, एकेकटे हातमोजे होते, आणि एक आरामखुर्ची होती. बसमध्ये माणूस आरामखुर्ची विसरतोच कसा, याचा विचार करण्यात तिच्या बऱ्याच दुपारी गेल्या.

तिने रडारड केली नाही. नाव मात्र तिला तेच चिकटून राहिलं, आणि हरवलेली छत्री मागायला येणाऱ्यांशी बोलावं लागे त्यापलीकडे आवाजाला काही काम उरलं नाही.

घरी नवरा होता, सासूबाई होत्या आणि एक लेक होती. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, तारा बघायच्या, ग्रीस घालायचं, अडकलेल्यांना बाहेर काढायचं. सासूबाईंच्या डोळ्यांवर पडदा आलेला. ऑपरेशन करायचं ठरून बरेच दिवस झाले होते, पण रक्तदाब काही खाली येईना, म्हणून डॉक्टर तारीख देईनात. सासू-सुनेचं भांडण कधीच नव्हतं. भांडायला निदान बोलावं लागतं. यांचं बोलणं म्हणजे "औषध घेतलंत का?" आणि "घेतलं." अधूनमधून "कडी लावलीस का?" आणि "लावली." या दोघींच्या मधली सगळी बडबड लेक एकटी करायची, आणि ती आता नर्सिंग शिकायला दुसऱ्या गावी गेली होती.

ती गेल्यावर आठवडाभरात एका संध्याकाळी सूचनाबाई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, तो दुसऱ्या जगात गेला ना, त्याचं पुढे काय झालं?"

सूचनाबाईची सुरी थांबली. "कोण गेलं, आई?"

"तो गं. तिकिटं फाडणारा."

तिच्या डोळ्यांपुढून स्थानकातले सगळे कंडक्टर सरकून गेले. कोणाची तब्येत बरी नव्हती? तो जाड मिशांचा तर परवाच डबा न्यायला आला होता. "कोण हो? कधी गेला?"

"झाले बरेच दिवस. तुझी लेक होती तेव्हाच गेला. लिफ्टचं दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि गेला."

आता आतल्या खोलीतून नवरा पक्कड हातात घेऊनच धावत आला. "लिफ्टमध्ये? कुठल्या बिल्डिंगच्या? आणि मला एक फोन नाही?"

"तुझी लिफ्ट नाही रे बाबा. त्या टीव्हीतली."

दोघांचाही जीव भांड्यात पडला. लेकीला फोन लावल्यावर सगळा उलगडा झाला. आजी आणि नात रोज संध्याकाळी एक जपानी मालिका बघायच्या. "कार्टून नाही गं आई, ॲनिमे म्हणतात त्याला," लेकीने बजावलं. पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडणारा एक मुलगा लिफ्टमध्ये शिरतो आणि बाहेर पडतो तो थेट दोन चंद्रांच्या राज्यात. तिथल्या राणीने मंत्र घालून बोलावलेला असतो एक शूर योद्धा, आणि हाती लागतो हा. तलवार धरता येत नाही, घोड्यावर बसता येत नाही. एवढंच, की त्याला तिथल्या सगळ्यांची भाषा कळते, दगडाचीसुद्धा. "बोलतात जपानीत, खाली आपल्या भाषेत अक्षरं येतात. आजीला दिसत नाहीत, म्हणून मी वाचून दाखवायचे. आता तू वाच."

"मी?"

"मग काय बाबा वाचणार? बाबांना लिफ्टच्या पाटीपलीकडे काही वाचताना पाहिलंयस?"

त्या संध्याकाळी सूचनाबाई टीव्हीपुढे स्टूल घेऊन बसली आणि वाचू लागली. शब्द न् शब्द स्पष्ट, शांत, एका सुरात. पडद्यावर तिकीटवाला कड्यावरून खाली लोंबकळत होता. ती म्हणाली, "वाचवा, वाचवा, मी पडतो आहे."

सासूबाईंनी थोडा वेळ कळ काढली. मग म्हणाल्या, "अगं, त्याचा जीव चाललाय, आणि तू बस सुटल्यासारखं काय सांगतेस? जरा घाबर की!"

सूचनाबाईचे कान लाल झाले. आयुष्यभर तिला शिकवलं होतं, की बस चुकली काय नि मिळाली काय, आवाजाला त्याचं सोयरसुतक नको. तिने घसा साफ केला, दाराकडे बघून कोणी येत नाही ना याची खात्री केली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "वाचवाऽऽ!"

नवऱ्याच्या हातातला कप हिंदकळला. सासूबाई खूश होऊन पाय वर घेऊन बसल्या. "हां! आता पडतोय."

तिथून तिला सूर सापडला. तिकीटवाल्याला तिने घाईघाईचा, मध्येच अडखळणारा आवाज दिला. दाढ दुखणाऱ्या ड्रॅगनला गालात पेरू धरल्यासारखा. बेडूक प्रधान म्हणून एक म्हातारा बेडूक होता, राज्याचा कारभार बघायचा आणि दर वाक्याला गुडघ्यांच्या नावाने कण्हायचा. त्याच्यासाठी ती हनुवटी छातीला टेकवून खर्जात बोलायची. सासूबाईंचा सगळ्यात जीव त्या बेडकावर. "गुडघ्याचं दुखणं काय असतं ते या एकालाच कळतं," असं म्हणून त्या स्वतःचे गुडघे चोळत.

नवरा सुरुवातीला फक्त चुका काढायला बसायचा. "ही कसली लिफ्ट? हिला वजनं कुठायत? तार कुठंय? अशी लिफ्ट पास करणाऱ्याला आधी घरी बसवला पाहिजे." हळूहळू त्याचे आक्षेप कमी झाले आणि एक दिवस तो कामावरून फोन करून म्हणाला, "मला उशीर होतोय, मी आल्याशिवाय लावू नका."

भिंती पातळ होत्या. शेजारी सलूनवाले भाऊजी आणि वहिनी राहायचे. एका संध्याकाळी भाऊजींनी दार वाजवलं आणि संकोचून विचारलं, "सगळं ठीक ना? नाही, म्हणजे आठवडाभर रोज कोणीतरी 'याला तुरुंगात टाका' म्हणून ओरडतंय."

ती राणी होती. भाऊजींना आत बोलावून खुर्ची दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते वहिनींना घेऊन येऊ लागले. दुकानात दिवसभर लोकांची डोकी हाताखाली असणारा माणूस तो, त्याला पात्रांच्या केसांचं भारी वेड. "निळे केस एवढे ताठ उभे राहतात म्हणजे पाव किलो जेल तरी लागत असेल," हे त्यांचं पहिलं मत.

राणीवरून मात्र एकदा प्रसंग ओढवला. राणी दरबारात सगळ्यांना फैलावर घेत होती आणि सूचनाबाई रंगात आली होती. "म्हणजे मी सांगायचं, म्हणजे तेव्हा तुम्ही हलायचं, असंच ना?"

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने टीव्ही थांबवला.

"ही राणी माझ्यासारखी का बोलते?"

  सूचनाबाईने मुद्दाम केलं नव्हतं. राणीचा आवाज शोधायला गेली आणि घरातच सापडला, इतकंच. वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या.

"तसं नाही, आई…"

"तसंच आहे. आणि चुकतंय. मी 'म्हणजे' अशी घाईने नाही म्हणत. मी आधी थांबते." त्यांनी मान ताठ केली, एक दम घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे… मी सांगायचं. तेव्हा तुम्ही हलायचं." भाऊजी नकळत उठून उभेच राहिले. त्या दिवसापासून राणी सासूबाईंकडे गेली. सूचनाबाई वाक्य कानात सांगायची, सासूबाई ते आपल्या पद्धतीने फेकायच्या, वर दोन वाक्यं पदरची घालायच्या. राणीचे ओठ मिटले तरी राणी बोलतच असायची.

एक दिवस मालिका लावायला अवकाश होता, नवरा यायचा होता. सूचनाबाईने सहज विचारलं, "आई, तुम्हाला यात एवढं काय आवडतं हो? ड्रॅगन काय, दोन चंद्र काय."

सासूबाईंना विचार करावा लागला नाही. "मी पण अशीच आले की. लग्न झालं, गाडीत बसवलं, आणि उतरले ते दुसऱ्याच जगात. माणसं ओळखीची नाहीत. कोण कोणावर रुसलंय ते ठाऊक नाही. दिव्याचं बटण कुठल्या भिंतीवर ते कळायला महिना लागला. आणि याला बघ, उतरल्या उतरल्या सगळ्यांची भाषा समजायला लागली. मला कोणी दिली असली शक्ती?"

सूचनाबाईला हसू आलं. "बटण दारामागे आहे ना? मीही पहिले दोन दिवस अंधारातच बसले होते."

"मग विचारायचं नाहीस?"

"तुम्ही कोणाला विचारलं होतंत?"

सासूबाई खुदकन हसल्या. मग दोघींनी मिळून त्या बटणाला, ते तिथे बसवणाऱ्या वायरमनला आणि न सांगणाऱ्या सगळ्या गोतावळ्याला यथेच्छ नावं ठेवली. नवरा आला तेव्हा दोघी अंधारातच बसून हसत होत्या. त्याने दारामागे हात घालून दिवा लावला, तर दोघी आणखीच हसू लागल्या. त्याला काही कळेना.

त्या हसण्याने म्हणा की औषधाने, रक्तदाब उतरला आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. "मन शांत ठेवा, आजी. दगदग नको, रडारड नको," एवढं त्यांनी बजावलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नेहमीसारखी मालिका लागली. राजवाड्यावर हल्ला झाला. बेडूक प्रधान दुखऱ्या गुडघ्यांनी पळत आला, तिकीटवाल्याच्या दिशेने येणारा बाण त्याने आपल्या छातीवर घेतला आणि कोसळला. खाली अक्षरं आली, "प्रधानजी, डोळे उघडा. प्रधानजी!" बेडकाने डोळे उघडले नाहीत.

"काय झालं?" सासूबाई पुढे झुकल्या. "माझा बेडूक का बोलत नाही?"

सूचनाबाईने अक्षरांकडे बघितलं. तिकीटवाल्याच्या घोड्याला नुसतं खरचटलं होतं, तेव्हा सासूबाई रात्रीचं जेवल्या नव्हत्या. तिने हनुवटी छातीला टेकवली आणि खर्जातल्या आवाजात कण्हली, "आई गं, माझे गुडघे! अहो, जरा पाय मुरगळला. मला आपलं बहिणीकडे पाठवा. तिच्याकडे गरम पाण्याचे झरे आहेत. महिनाभर शेकतो आणि येतो."

"बघ, मी म्हणतच होते. त्याला विश्रांती हवीच होती," सासूबाई समाधानाने मागे टेकल्या.

सूचनाबाईने हळूच बाकीच्यांकडे पाहिलं. वाचता सगळ्यांना येत होतं. वहिनी डोळे पुसत होत्या. भाऊजी छताकडे बघत होते. नवरा दोन वेळा खाकरला आणि म्हणाला, "हो, गरम पाणी गुडघ्यांना चांगलंच."

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. सासूबाई काळा चष्मा लावून घरी आल्या. अजून काही दिवस टीव्हीकडे बघायचं नव्हतं, म्हणून त्या पडद्याकडे पाठ करून बसल्या. "कान तर उघडे आहेत ना माझे? लावा."

आणि नेमका तो भाग बेडकाच्या अंत्ययात्रेचा निघाला. सगळं राज्य पांढरी फुलं घेऊन रस्त्यावर, संथ ढोल, आणि वर बायकांच्या रडण्याचा सूर. सूचनाबाईने कपाळाला हात लावला.

"कसली गर्दी गं ही?" सासूबाईंनी विचारलं.

"मिरवणूक आहे, आई."

"कोणाची?"

तिच्या तोंडून निघून गेलं, "बेडकाची. लग्न ठरलं त्याचं. बहिणीने ठरवलं."

भाऊजींच्या नाकातून चहा आला. वहिनींनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

"या वयात?" सासूबाई चकित झाल्या, पण नाराज दिसल्या नाहीत. "बरं झालं. सोबत हवीच. पण मग या बाया रडतायत का?"

"मुलीकडच्या आहेत," नवऱ्याने बाजू सावरली.

"हं. रडायच्याच. आणि नवरी कोण? बेडूकच ना?"

"कासव आहे," सूचनाबाई म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"कासव छान. शांत असतं," सासूबाईंनी संमती दिली. पडद्यावर लोक हंबरडा फोडत होते आणि खोलीत चार जण तोंडात रुमाल कोंबून बसले होते. पुढच्या भागात तिकीटवाल्याच्या स्वप्नात बेडूक आला, तेव्हा सूचनाबाईला हायसं वाटलं. नवरा-बायको दोघं राजवाड्यात जेवायला आलेत, असं तिने ठोकून दिलं. "जेवण फर्मास दिसतंय," भाऊजींनीही री ओढली.

काळा चष्मा निघाला. एका दुपारी घरी कोणी नसताना सासूबाईंनी रिमोट हातात घेतला. सूचनाबाई संध्याकाळी हरवलेल्या सामानाच्या खोलीला कुलूप लावून घरी आली, तर टीव्ही बंद आणि सासूबाई त्याच्यासमोर ताठ बसलेल्या.

"चहा करू, आई?"

"म्हणजे…" सासूबाई थांबल्या. ते थांबणं सूचनाबाईला चांगलंच माहीत होतं. "नवरदेव लग्नात आडवा का झोपला होता?"

सूचनाबाईने हातातली पिशवी खाली ठेवली.

"अक्षरं दिसतात मला आता. सगळी. बाण लागून मेला तो. आणि तू मला त्याच्या लग्नाला बसवलंस. या सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"भाऊजींनासुद्धा? ते तर म्हणाले, जेवण फर्मास दिसतंय!"

 सूचनाबाईला वाटलं, आता गडगडाट. पण सासूबाईंच्या नव्या, लखलखीत डोळ्यांतून आधी पाणी आलं. ते बेडकासाठी होतं. पदराने तोंड पुसता पुसता त्यांना हसू फुटलं आणि थांबेचना. "कासव! अगं, कासव कुठून आणलंस?"

"सुचलं ते बोलले."

"मग ऐक. टीव्हीवाल्यांनी मारला असेल त्यांचा बेडूक. आपला मेला नाही. आपला सासुरवाडीला आहे. पुढचंही तूच सांगायचं, मला ती अक्षरं नको आहेत. भरभर पळतात आणि सगळी एकाच आवाजात बोलतात."

संध्याकाळी भाऊजी आले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना दारातच गाठलं आणि राणीच्या आवाजात विचारलं, "जेवण फर्मास होतं का?" भाऊजींनी कान धरले.

शेवटच्या भागाला लेक सुट्टी काढून आली. एवढीशी खोली, त्यात वरच्या मजल्यावरची दोघंतिघं खाली आलेली, खुर्च्या कमी पडलेल्या. लिफ्टचं दार पुन्हा उघडलं होतं आणि तिकीटवाल्याने ठरवायचं होतं, परत जायचं की राहायचं. नवरा म्हणाला, त्याने जावं, तलावावर कोणीतरी त्याची वाट बघत असेल. भाऊजी म्हणाले, इथे तो आता राणीचा मंत्री झालाय, तिकडे कोण विचारतो? लेक आपल्या आईकडे टक लावून बघत होती. ड्रॅगन, राणी, सैनिक, रडणारी पोरं, सगळ्यांच्या तोंडी बोलणारी ही बाई हात हलवत होती, डोळे वटारत होती, घामाने भिजली होती. लेकीने तिला असं कधी पाहिलंच नव्हतं. मालिका काही न ठरवताच संपली. तिकीटवाल्याने एक पाय आत ठेवला, आणि पडद्यावर शेवटची नावं सुरू झाली. खोलीत हलकल्लोळ माजला. सासूबाईंनी तर त्या मालिकावाल्यांना तुरुंगात टाकायचा हुकूमच सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चपला घालून दारात उभ्या. "चल."

"कुठे, आई?"

"कुठेही. मी आपलं गाव वर्षानुवर्षं धुक्यात बघितलंय. तुझ्या स्थानकावर चल आणि जी बस लागली असेल तिच्यात बसव. कुठली ते सांगू नकोस."

सूचनाबाईला सुट्टी होती. दोघी बसल्या आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या. तिथे फारसं काही नव्हतं. लाकूड कापायचा कारखाना, नव्या बांधलेल्या घरांची रांग, एक तळं, तळ्याकाठी चहाची टपरी आणि डुगडुगणारं बाकडं. सासूबाई खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी चहूकडे नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, इथे आपल्याला कोणी म्हणजे कोणी ओळखत नाही!"

टपरीवाल्याने चहा देताना विचारलं, "आजी, लेकीबरोबर फिरायला?"

"लेक नाही, सून. माझी ऑफिसातली मैत्रीण पण आहे," सासूबाई बेधडक म्हणाल्या. सूचनाबाईला ठसका लागला. टपरीवाल्याने आदराने विचारलं, कुठलं ऑफिस? सासूबाई म्हणाल्या, राज्यकारभाराचं. त्याने चहात आणखी एक चमचा साखर घातली.

मग सासूबाईंनी प्रत्येक पाटी वाचायला घेतली. घाई नाही, काही नाही. "गवतावर चालू नये," राणीने तळ्याला बजावलं. "कुत्र्यापासून सावध," त्या एका फाटकापुढे ड्रॅगनसारख्या गाल फुगवून म्हणाल्या, आणि आतलं केसाळ पिल्लू शेपटी हलवत बाहेर आलं. कारखान्याच्या भिंतीवरची पाटी इतकी लांब होती की मध्ये दम घ्यावा लागला, पण त्यांनी ती तळाच्या फोन नंबरासकट संपवली. परतीची बस आली, थांबली आणि निघून गेली. सूचनाबाईने ती जाताना पाहिली आणि जाऊ दिली. सासूबाई पुढच्या पाटीशी पोहोचल्या होत्या आणि हात करून तिला बोलावत होत्या, कारण या पाटीवरची दोन अक्षरं पुसली गेली होती आणि तिथे काय असावं, यावर त्यांना तिचं मत हवं होतं.